टर्बो हवा देतो, पेट्रोल कोण देणार?

मेकॅनिकलच्या कुठल्याही बॅचला विचारा, "टर्बोचार्जर काय करतो?" उत्तर ठरलेलं आहे, "सर, पॉवर वाढवतो!" व्हायवाला या उत्तरावर पाचपैकी तीन मार्क मिळूनही जातील. पण उत्तर अर्धं आहे, आणि जे अर्धं राहिलंय त्यातच इंजिनाचा जीव अडकलेला आहे. टर्बो (किंवा पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर) इंजिनात फक्त जास्त हवा कोंबतो. पॉवर येते ती इंधन जळल्यामुळे. हवा वाढली आणि त्या प्रमाणात इंधन वाढलं नाही, तर इंजिन पळण्याऐवजी बसतं.

मित्रांनो, सातारा-सांगली पट्ट्यात गाड्यांचं वेड असलेली पोरं काही कमी नाहीत. जुन्या पेट्रोल गाडीला सेकंडहँड टर्बो बसवायचा, किंवा डिझेल गाडीचा 'पंप वाढवून' घ्यायचा, असे बेत हॉस्टेलच्या कट्ट्यावर दर आठवड्याला शिजतात. टर्बो मिळतो, पाईप वेल्डिंग करून मिळतात, आणि सगळं लक्ष तिथंच जातं. इंधनाचा हिशोब मात्र कोणी करत नाही. तोच हिशोब आज करू या. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, अवघड काही नाही.

हवा किती, इंधन किती?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण फुल थ्रॉटलला इंजिन या प्रमाणावर चालवत नाहीत. साध्या इंजिनाला जास्तीत जास्त पॉवर १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. टर्बो पेट्रोल इंजिन बूस्टमध्ये असताना ११ ते १२ पर्यंतही नेतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतात. का? कारण जादा पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं आणि सिलिंडरमधलं मिश्रण थंड ठेवतं. थोडक्यात, टर्बो इंजिनात पेट्रोल जळण्याचं काम तर करतंच, शिवाय कूलंटचंही करतं.

आता आकडे घेऊ. समजा १२०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन आहे, पॉवर ६० किलोवॅट. फुल लोडला दर किलोवॅट-तासाला ०.३० किलो पेट्रोल धरलं, तर तासाला १८ किलो झालं. याच इंजिनाला टर्बो लावून आपल्याला १०० किलोवॅट हवेत. मिश्रण रिच ठेवायचं असल्यामुळे खप ०.३६ धरा. तासाला ३६ किलो! पॉवर वाढली दोन-तृतीयांश, पेट्रोल मात्र बरोबर दुप्पट. पहिला धडा हा की इंधनाची गरज पॉवरच्या पुढे धावते.

इंजेक्टरला वेळच पुरत नाही

३६ किलो चार इंजेक्टरमध्ये वाटले, की प्रत्येकाला ९ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर मिनिटाला सुमारे २०० सीसी. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवून चालत नाही. ६००० आरपीएमला एक सायकल (दोन फेरे) २० मिलिसेकंदांत संपते. त्यात इंजेक्टर उघडायलाच जवळपास एक मिलिसेकंद जातो. म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा पाळतात. २०३ भागिले ०.८, म्हणजे साधारण २५० सीसी प्रतिमिनिटाचा इंजेक्टर हवा.

मूळ इंजिनाला असाच हिशोब लावला तर १२७ सीसी पुरतात. कंपनी थोडं मार्जिन ठेवते, म्हणून गाडीत समजा १५० सीसीचा इंजेक्टर आहे (३ बार दाबाला). मग दाब वाढवून काम भागेल का? गॅरेजमध्ये हा उपाय सर्रास सुचवतात. पण इथे बर्नोलीसाहेब आडवे येतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दाब ३ वरून ४ बार केला तर १५० चे १७३ होतील. २५० हवे असतील तर दाब साडेआठ बारपर्यंत न्यावा लागेल. साध्या गाडीचा पंप, रबरी पाईप आणि क्लिपा हे काही सोसणार नाहीत. पेट्रोल गळालं तर ते गरम टर्बोवरच गळणार, हेही लक्षात घ्या. तेव्हा मोठे इंजेक्टर घ्या, नाहीतर पॉवरची अपेक्षा कमी करा. तिसरा रस्ता नाही.

बूस्ट उलटा ढकलतो

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित मुद्दा. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डचा. पेट्रोल किती बाहेर पडणार ते या दोन दाबांतल्या फरकावर ठरतं. साध्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम असतो किंवा फार तर वातावरणाइतका दाब. टर्बोमध्ये तिथे बूस्ट उभा राहतो, आणि तो पेट्रोलला चक्क उलटा ढकलतो.

बऱ्याच छोट्या गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या शेजारी असतो. तो रेलमध्ये कायम ३ बार ठेवतो, मॅनिफोल्डमध्ये काय चाललंय याची त्याला खबर नसते. ०.७ बार बूस्ट आला की उरलेला फरक २.३ बार. वर्गमूळ काढा : प्रवाह १२ टक्क्यांनी घटला. म्हणजे जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त हवं, नेमकं तेव्हाच ते कमी येतं. ईसीयूने १२ चं प्रमाण धरून हिशोब केला असेल, तर सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात १३.७ चं मिश्रण पोचतं.

आणि यातला खरा सापळा असा की सुरुवातीला गाडी जास्त चांगली पळते! जास्त रिच मिश्रण थोडं लीन झालं की पॉवर किंचित वाढते. चालवणारा खूश. मग लांबच्या चढावर नॉकिंग सुरू होतं, एक्झॉस्ट आणि सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते किंवा माथ्याला भोक पडतं. गॅरेजवाला म्हणतो, "टर्बोनं इंजिन खाल्लं." टर्बो बिचारा निर्दोष असतो. इंजिन उपाशी ठेवलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे. रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक होज द्यायची. बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढतो आणि फरक कायम ३ बार राहतो. कार्बोरेटरच्या जमान्यातही हेच तत्त्व होतं. टर्बोची हवा कार्बोरेटरमधून ढकलायची असेल, तर फ्लोट चेंबरलाही तोच बूस्ट द्यावा लागायचा आणि पंपाला बूस्टपेक्षा जास्त दाब द्यावा लागायचा. नाहीतर जेटमधून पेट्रोल वर यायचंच नाही.

पंप : हेड आणि डिस्चार्ज

हा भाग आपल्याकडच्या मुलांना शिकवायची गरज नाही. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात, पंपांसाठी देशभर माहीत असलेली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने चढवून दुष्काळी तालुक्यांत नेतात. पाणी आणखी वर चढवायचं म्हटलं की त्याच पंपाचं पाणी कमी होतं, हे शेतावर मोटर असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. हेड वाढलं, डिस्चार्ज घटला.

टाकीतल्या पेट्रोल पंपाचंही अगदी हेच. बाटलीत पेट्रोल काढून "धार चांगली येतेय" म्हणणं, म्हणजे विहिरीच्या काठावर पाणी ओतून पंप पास करणं! आपल्या उदाहरणात पंपाला ३.७ बारच्या विरुद्ध तासाला ४९ लिटर द्यायचेत. वर २५ टक्के मार्जिन धरा, म्हणजे ६० च्या पुढे. पंपाच्या डब्यावरचा आकडा कितीही असो, या दाबाला तो किती देतो ते बघा. तेही पंपाच्या टर्मिनलवर जो व्होल्टेज पोचतो त्याला. वायर बारीक असेल, अर्थिंग गंजलेलं असेल, तर अल्टरनेटर पावणेचौदा देत असला तरी पंपाला बारासुद्धा मिळत नाहीत, आणि पंप हळू फिरतो. अर्धा चोक झालेला फिल्टरही तेच करतो. कित्येकदा महागडा पंप घेण्याआधी नवी रिले आणि जाड वायर टाकली तरी फरक पडतो.

ईसीयूला दिसतंय का?

हार्डवेअर सगळं बसलं. पण किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू ठरवतो, आणि ठरवतो ते सेन्सरवर विसंबून. साध्या इंजिनाचा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला असतो. ०.७ बार बूस्ट आला तरी तो आपला काटा टोकाला टेकवून गप्प. ईसीयूला वाटतं, नेहमीचा फुल थ्रॉटल आहे. म्हणून जास्त दाब मोजणारा सेन्सर आणि त्याला जुळणारा फ्युएल मॅप, दोन्ही बदलावे लागतात. इग्निशन टायमिंगही मागे घ्यावं लागतं.

शिवाय नुसता दाब पुरेसा नाही, तापमानही हवं. ३० अंशांची हवा १.७ पट दाबली तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरमधून ती १०० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तेव्हा घनता १.७ पट होत नाही, १.४ पटसुद्धा जेमतेम होते. इंटरकूलरने ती ४५ अंशांवर आणली तर १.६ पट. म्हणजे इंटरकूलर बसवला की बूस्ट तेवढाच राहूनही पेट्रोलची गरज आणखी वाढली!

घाटातली परीक्षा

आता गाडी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला काढा. सांगलीत हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास, पाचगणीला सुमारे १३०० मीटरवर ०.८७. साधं इंजिन वर जाईपर्यंत आठ-नऊ टक्के हवा गमावतं, त्यामुळे त्याची पेट्रोलची गरजही कमी होते. ईसीयूने नियंत्रित केलेला टर्बो मात्र जास्त वेगाने फिरून मॅनिफोल्डमधला दाब टिकवतो. म्हणजे पंप आणि इंजेक्टरवरचा भार कमी होत नाही, शिवाय तो सलग दहा-पंधरा मिनिटं राहतो आणि चढावर गाडीचा वेग कमी असल्याने इंटरकूलरला वाराही कमी मिळतो. सपाट हायवेवर दहा सेकंदांच्या फुल थ्रॉटलमध्ये जी कमतरता लपते, ती घाटात उघडी पडते. टर्बो गाडीचं ट्यूनिंग घाटात सिद्ध होतं ते यामुळे.

डिझेलचं गणित उलटं

डिझेलमध्ये हवा नेहमी जास्तच असते, त्यामुळे डिझेल कमी पडलं तर फक्त पॉवर कमी मिळते. पिस्टन वितळतो तो डिझेल जास्त झाल्यावर. हवा-इंधन प्रमाण साधारण १८-२० च्या खाली गेलं की काळा धूर, आणखी खाली गेलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो, व्हॉल्व्ह, पिस्टन सगळ्यांना झळ बसते.

जुन्या ट्रकच्या इनलाईन पंपावर एक गोल डबी दिसते. आत एक पडदा, आणि मॅनिफोल्डमधून आलेली होज. बूस्ट आला की पडदा ढकलला जातो आणि रॅकला जास्त डिझेल सोडायची परवानगी मिळते. बूस्ट नसेल तर डिझेल रोखून धरलं जातं. किती सुंदर यंत्रणा! ना सेन्सर, ना वायर. पण 'पंप वाढवून द्या' म्हटलं की काही मिस्त्री या डबीचा आणि फुल लोडचा स्क्रू अंदाजाने पिळून देतात. पिकअप वाढल्यासारखा वाटतो, आणि घाटात मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा ढग येतो. तो ढग म्हणजे न जळलेलं डिझेल, तुमच्याच खिशातलं. उलट होज फाटली असेल तर गाडी ओढत नाही आणि मालक उगाच टर्बो बदलतो. पाच मिनिटांत होज तपासली तर हजारो रुपये वाचतात.

कॉमन रेलमध्ये हेच काम ईसीयू करतो. तिथे दाब १६०० बार आणि त्याहून जास्त असतो आणि किती हवेला किती डिझेल याची 'धुराची मर्यादा' प्रोग्राममध्येच लिहिलेली असते. 'चिप' लावून लोक नेमकी ही मर्यादा ओलांडतात.

आपल्या उसाचा हिशोब

आता एक नवीन भानगड, आणि ती थेट आपल्या शेतातून आलेली आहे. वाळव्यापासून कराडपर्यंत कृष्णाकाठी ऊस आणि साखर कारखाने, आणि उसापासून इथेनॉल. देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्याने एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा लागते. २० टक्के मिश्रणाचं प्रमाण काढलं तर १४.७ चं साधारण १३.५ होतं. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने ९ टक्के, आकारमानाने सात-साडेसात टक्के जास्त इंधन.

आपल्या २५० सीसीच्या इंजेक्टरला आता २७० सीसी हवेत. जो जुन्या पेट्रोलवर काठावर पास होता, तो नव्या पेट्रोलवर नापास. साध्या वेगाला ऑक्सिजन सेन्सर चूक सावरून घेतो. पण इंजेक्टर आधीच पूर्ण क्षमतेला पोचला असेल तर सेन्सर तरी काय करणार? जुन्या गाडीतले रबरी पाईप आणि पंप इथेनॉलला चालतात का, तेही बघावं लागतं.

चांगली बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. दोन्ही गोष्टी टर्बोला नॉकिंगपासून वाचवणाऱ्या. अट एकच, ते पुरेसं मिळालं पाहिजे.

कंपन्या कशा करतात?

अल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरने टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, पण पेट्रोल कारमध्ये तो टिकायला बराच काळ गेला. १९६२ च्या ओल्ड्समोबाईल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जायचं. मालक टाकी भरायला विसरायचे, आणि गाडी एक-दोन वर्षांतच बंद झाली. पुढे अचूक इंजेक्शन आलं तेव्हा कुठे टर्बो पेट्रोल रोजच्या वापरात आला.

आपल्याकडे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली ती सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी. टाटांनी २०१४ च्या झेस्टमध्ये टर्बोबरोबर मॅनिफोल्डमधलंच इंजेक्शन ठेवलं. थेट फवाऱ्यात वाफ सिलिंडरच्या आत होते, म्हणून थंडावा जास्त. पण फवारायला सायकलचा छोटासा हिस्साच मिळतो, म्हणून दाब १५० बारच्या पुढे लागतो आणि त्यासाठी कॅमवर चालणारा वेगळा पंप. दोन्ही रस्त्यांत एक गोष्ट समान आहे : पंप, इंजेक्टर, सेन्सर, मॅप सगळं टर्बोच्या बरोबरीने डिझाईन केलेलं असतं.

मग करायचं काय?

रस्त्यावरच्या गाडीवर प्रयोग नकोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. आपली खरी जागा लॅबमधलं जुनं इंजिन, डायनॅमोमीटर आणि फॉर्म्युला स्पर्धेची गाडी. तिथे हा क्रम पाळा :

१. किती पॉवर हवी ते आधी ठरवा, त्यावरून तासाला लागणारं इंधन काढा. आता २० टक्के इथेनॉल धरूनच.

२. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या आत बसतो का बघा.

३. पंपाचा डिस्चार्ज प्रत्यक्ष दाबाला आणि प्रत्यक्ष व्होल्टेजला मोजा.

४. रेग्युलेटरला बूस्टची होज द्या आणि फुल बूस्टला रेलचा दाब गेजवर बघा. तो घसरत असेल तर तिथेच थांबा.

५. वाईडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय बूस्ट देऊ नका. प्लगचा रंग बघून ट्यूनिंग करायचे दिवस गेले.

६. टर्बोची खरेदी सगळ्यात शेवटी.

जाता जाता एक गृहपाठ. फॉर्म्युला स्पर्धेत पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा असतो. तो चोक झाला की सेकंदाला ०.०७४ किलोच्या वर हवा जात नाही, मग पुढे कितीही मोठा टर्बो लावा. १२.५ च्या प्रमाणाने तासाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागेल? उत्तर येतं २१ किलोच्या आसपास. आता सांगलीच्या ०.९५ बारला हेच गणित करा, आणि टीममध्ये पंप कुठला घ्यायचा यावर वाद सुरू झाला की तो कागद टेबलावर ठेवा.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)